बिनखिशाच्या बाईचं पॉकेट पेन

खिशात मावेल असं पेन विकत घेऊन घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला खिसाच नाही.

कपाटात कुर्ते ढीगभर आहेत. फुलाफुलांचे, आरशांचे, एकाला तर उगाचच घुंगरं. पण खिसा शिवायची बुद्धी एकाही शिंप्याला झालेली नाही. ही गोष्ट पेन निवडताना ना मला सुचली, ना माझ्या नवऱ्याला. सुहासला तर सुचायलाच हवी होती, कारण पेनाचा सगळा अभ्यास त्याचा होता.

मी भाईंदरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. वह्या तपासून तपासून माझा उजवा अंगठा ठणकायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बॉलपेन दाबून लिहिता ना? फाउंटन पेन घ्या. नुसतं टेकवलं की चालतं." हे मी सुहासला सांगितलं मात्र, त्याच्या अंगात आलं! हा माणूस वर्षभरात फक्त कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करतो, पण जेवताखाता मोबाईलवर पेनांचे व्हिडिओ बघायला लागला. निब बारीक हवी की मध्यम, शाई कार्ट्रिजची बरी की बाटलीतली, या नादात भाजीत मीठ कमी आहे हे त्याला कित्येक दिवस कळलं नाही. शेवटी निकाल लागला.

"तुला छोटं पेन पाहिजे. बंद असलं की बोटाएवढं, टोपण मागे खोचलं की पूर्ण लांबीचं. पॉकेट पेन म्हणतात. मोठं पेन तू पर्समध्ये हरवशील."

(माझ्या पर्समध्ये एकदा छत्री हरवली होती. मग बोटाएवढ्या पेनाचं काय होईल, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.)

केबिन रोडवरच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने आधी मखमली डबीतलं सोनेरी पेन काढलं. "भाभी, गिफ्ट देना है ना?"

"नहीं, लिखना है."

"लिखना है?" त्याने काळजीने माझ्याकडे पाहिलं. "रोज?"

मग तळाच्या खणातून त्याने एक छोटं स्टीलचं पेन काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. किंमत ऐकून सुहासचा चेहरा पडला, कारण एवढ्या अभ्यासाला इतकं स्वस्त पेन शोभत नव्हतं. मी निब शाईत बुडवून कागदावर 'श्री' काढलं. पेन लोण्यातून जावं तसं गेलं, अंगठा अगदी गप्प राहिला. मला तिथेच भरून आलं. आम्ही पेन घेतलं, निळ्या शाईची बाटली घेतली आणि घरी आलो. खिशाचं घरी आल्यावर कळलं.

"शाई? घरात?" सासूबाई म्हणाल्या. "चादरी पांढऱ्या आहेत हो माझ्या." मग पेन हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "शाई भर नि आधी देवापुढं ठेव. रविवारी वापरायला काढ."

आमचं घर मूळचं रत्नागिरीकडचं. नवी वस्तू आधी देवाने बघायची, मग आम्ही. मिक्सर असो, स्कूटर असो, एकदा तर बाथरूमच्या नव्या नळालाही हळदकुंकू लागलं होतं. सुहासने पेनात काठोकाठ शाई भरली आणि पेन देवघरात गेलं.

आता रविवारचं सांगायला हवं. माझी नणंद वैशाली नया नगरच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. निलेश नावाचा मुलगा तिथे पाय मोडून आला होता आणि पाय बरा झाल्यावरही येत राहिला. दोघांचं ठरलं होतं. अडलं होतं ते निलेशच्या मामांपाशी. निलेशचे वडील लवकर गेले, मामांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. मामा कायम पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, आणि आधीचं एक स्थळ त्यांनी भजी गार होती म्हणून मोडलेलं. असे मामा रविवारी आमच्याकडे येणार होते.

"वहिनी," वैशाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू फक्त शांत बस हां. प्लीज. हे मोडलं ना, तर मी दुसऱ्या कुणाला बघणारच नाहीये." ती थट्टा करत नव्हती. डोळे भरले होते तिचे. मी तिचा हात धरून म्हटलं, माझ्याकडून काही होणार नाही.

रविवारी सकाळी सासूबाईंनी माझा नवा कुर्ता पलंगावर टाकला. डाव्या छातीशी, सुबक, बारीक टाक्यांचा एक खिसा होता. त्यात पेन खोचलेलं, टोपणावर कुंकवाचा ठिपका.

"आई, हे कधी केलंत?"

"ओढणी उगाच लांब होती," त्या म्हणाल्या आणि कांदा चिरायला निघून गेल्या. मी त्या खिशावरून नुसता हात फिरवत राहिले. माझ्या आईने माझे पुष्कळ लाड केले, पण मला खिसा कुणी शिवला नव्हता.

मामा आले. निलेशची आई आली, निलेश आला. पोहे गरम होते, चहा गरम होता, सगळं ठीक चाललं होतं. मग मामा म्हणाले, "मुलीची जन्मवेळ लिहून घेतो. पेन आहे का?"

आमच्याकडे टीव्हीशेजारी पेनांनी गच्च भरलेला एक मग आहे. त्यातलं एकही पेन उठत नाही, हे इतर घरांसारखंच. सुहास एकेक पेन काढून घासत होता. मी दिमाखात खिशाकडे हात नेला.

"माझं घ्या ना. फाउंटन आहे. थांबा, मी आधी चालू करून देते."

कागदावर टेकवलं. उमटेना. थोडं दाबलं. उमटेना. मामा बघत होते, वैशाली बघत होती. शेवटी शाळेत असताना जे आम्ही सगळेच करायचो ते मी केलं. पेन झटकलं! निबेवरून एक अक्षत उडून मामांच्या बशीत पडली.

"आई, निबेला अक्षता?"

"मग? नुसतं टोपणावर लावून देवाला कसं कळणार आत पेन आहे ते?"

हळदकुंकवाचा लगदा निबेत सुकून बसला होता. आता खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण माझ्या पेनाची अब्रू चालली होती. मी आणखी जोरात झटकलं, आणि दोन दिवस कोंडलेली शाई एकदम मोकळी झाली. मामांच्या डाव्या खांद्यापासून पोटापर्यंत निळी रेघ गेली. काही थेंब पोह्यांवर पडले, पण तिथे ते कोथिंबिरीत खपून गेले.

वैशालीने डोळे मिटून घेतले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, दूध लावा. निलेशच्या आई म्हणाल्या, दही. समोरच्या भाभी दार उघडं बघून आत आल्या, "टूथपेस्ट लगाओ, मेरे को पक्का मालूम है." सुहास व्हिडिओ शोधायला लागला. मी हाताला लागेल ते फडकं घेऊन मामांचं पोट पुसायला धावले. ते फडकं ओट्यावरचं होतं, हळदीचं. आता निळ्याशेजारी पिवळंही झालं.

"सदरा काढा, मी धुतो," सुहास म्हणाला आणि मामांना स्वतःचा धुतलेला टीशर्ट आणून दिला. घाईत हाताला आला तो आमच्या गणपती मंडळाचा. पाठीवर मोठ्या भगव्या अक्षरांत, 'कार्यकर्ता'.

मामा टीशर्ट घालून, अपमान गिळत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. सासूबाई बशा घेऊन आत आल्या. मंडळाची पोरं आमच्याकडे पाण्यापासून वर्गणीपर्यंत सारखी येत असतात आणि सासूबाई त्यांना हक्काने कामं सांगतात. त्यांनी पाठीवरची अक्षरं तेवढी बघितली.

"ए बाबा, उभा काय राहिलायस नुसता? तो वरचा लाडवांचा डबा काढ बघू. आणि हळू, मागच्या वेळी त्या पोराने पाडला होता."

मी दारात उभी. मामांनी चवड्यांवर उभं राहून डबा काढला, पुसला, आणि दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरला.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

सासूबाई ओट्याला धरून खालीच बसल्या. मामांच्या मिशा हलायला लागल्या. आधी मला वाटलं रागाने. पण मामा हसत होते. खो खो हसत त्यांनी डबा उघडून एक लाडू तोंडात टाकला.

बाहेर येऊन मी निलेशच्या आईंची माफी मागायला लागले. त्यांचं लक्ष माझ्या कुर्त्याकडे होतं. "खिसा वेगळा शिवलाय वाटतं?"

"मी शिवला," सासूबाई मागून म्हणाल्या, अजून ओशाळलेल्या. "अंगठा दुखतो तिचा. सकाळी चपात्या लाटताना बघते ना मी. पेन जवळ असलं तर बरं."

मी सासूबाईंना अंगठ्याबद्दल कधी बोललेच नव्हते. डॉक्टरांचं सगळं मी सुहासला सांगितलं होतं. त्या आपल्या आपण रोज बघत होत्या.

मामा लाडू खात बाहेर आले. निलेशच्या आई भावाकडे वळल्या. "दादा, जिथं सासू सुनेच्या पेनासाठी खिसा शिवते, तिथली मुलगी आपल्याकडे कशी वागेल, ते पत्रिकेत कशाला बघायचं?"

तेवढ्यात सुहास ओला सदरा घेऊन मोरीतून बाहेर आला. शाई साध्या पाण्यानेच निघून गेली होती. (तशीच ती निघते, हे त्याने म्हणे व्हिडिओत पाहिलेलं होतं.) हळद मात्र पक्की बसली होती.

"आणि हळद लागलीच आहे," निलेशच्या आई म्हणाल्या, "तर आता मागे कशाला फिरायचं?"

वैशालीने धावत येऊन मिठी मारली. मला नव्हे, सासूबाईंना. बरोबरच होतं.

आता वैशालीचा संसार छान चाललाय. माझ्या सगळ्या कुर्त्यांना खिसे आहेत आणि ओढण्या आखूड झाल्यात. अंगठा बरा आहे. ते स्वस्तातलं पेन अजून रोज चालतं, त्या पेनाचे आणि खिसा शिवणाऱ्या हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मामाही येतात आमच्याकडे आवर्जून, पांढऱ्या सदऱ्यात. फक्त मी खिशाकडे हात नेला, की ते ताडकन उठून उभे राहतात आणि दाराशी जातात. नव्या पाहुण्यांना वाटतं, केवढा मान आहे हो बाईंना. मी कुणाचा गैरसमज दूर करत नाही.