तात्यांच्या गाडीतलं ऑइल

आमच्या तात्यांच्या गाडीत ऑइल घालायला दादा विसरला नव्हता. मुळात कुणीच काही विसरलं नव्हतं. ऑइल मला चांगलं आठवत होतं आणि मी ते घातलं नाही. एवढी साधी गोष्ट मी तीसेक वर्षांत कुणापुढं बोललो नाही, बायकोपुढंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात बोललो, तेही चिडून, ओरडून.

गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक फटफटी. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं, की या इंजिनाचं ऑइल पेट्रोलातच मापानं मिसळावं लागायचं. तेवढंच काय ते त्याला वंगण. ते कमी पडलं की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो आणि पळती गाडी एकदम जाम होते.

तात्या, म्हणजे आमचे वडील, आमच्या बावडा गावाहून रोज इंदापूरला नोकरीला जायचे. रविवारी सकाळी गाडी धुणं, पेट्रोल आणि ऑइल भरणं हे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं काम. तो अठरा वर्षांचा, मी पंधराचा. एका रविवारी दुपारी तात्या पडवीत झोपले असताना मी गाडी बोळातून ढकलत नेली, लांब गेल्यावर किक मारली आणि इतका हुंदडलो की दादानं सकाळी भरलेलं दीड-दोन लिटर संपून टाकी तळाला गेली. चोरी कळू नये म्हणून दुकानातून बाटलीभर पेट्रोल आणून ओतलं. ऑइलचा डबा तात्यांच्या खाटेखाली होता. तो काढायला वाकलो असतो तर ते जागे झाले असते. म्हटलं, एक दिवस चालतंय.

नाही चाललं. सोमवारी सकाळी इंदापूरच्या वाटेवर इंजिन धरलं, मागचं चाक फरफटत गेलं आणि तात्या पडले. मनगट मोडलं. गॅरेजच्या मिस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडाला धरलं आणि म्हणाला, "ह्यात ऑइल न्हाय. आसलं तर नावाला."

प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून तात्यांनी दादाला विचारलं, "काल घातलं व्हतंस का?"

"घातलं व्हतं."

"मग गेलं कुठं? तू प्यालास?"

दादा तात्यांच्या प्लास्टराकडं बघायला लागला. मग म्हणाला, "घातल्यासारखं वाटतंय." संध्याकाळी आईला म्हणाला, "इसरलो आसंन." मी दोन्ही वेळा तिथंच होतो. दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो.

तात्यांनी त्याला मारलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्या हातात काही द्यायचं बंद केलं. कपाटाची किल्ली, पासबुक, साखर कारखान्याचे कागद, सगळं माझ्याकडं आलं. आल्यागेल्याला सांगायचे, "थोरला इसराळू हाय, बारक्याचं ध्यान असतं." बारामतीला शिकायला मला पाठवलं, पुढं तिथंच नोकरीही मलाच लागली. हे सगळं त्या ऑइलमुळंच झालं असं नाही. पण थोरल्यावर टाकायचा विश्वास माझ्यावर टाकला गेला आणि मी तो निमूटपणे घेतला.

दादा शेतीत राहिला, आणि एकेक गोष्ट तीन-तीनदा तपासणारा माणूस होऊन बसला. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद केलाय का ते बघायला तो लग्नाच्या मांडवातून उठून परत गेलेला आहे. आमच्याकडं कुठल्याही कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच, "काय दादा, कुलूप लावलं का?" सगळे हसतात, तोही हसतो, आणि जरा वेळानं खिसा चाचपतो. हसणाऱ्यांत मीही असतो.

तात्या गेल्या वर्षी गेले. गोठा आवरताना खताच्या पोत्यांखाली ती गाडी सापडली, त्या अपघातानंतर पुन्हा कधी न चाललेली. दादा भंगारात घालत होता, मी टेम्पोत टाकून बारामतीला आणली. वाटलं, ही नीट केली की आपल्याही आतलं काहीतरी निस्तरेल. पंचेचाळिशीच्या माणसानं असली आशा धरू नये.

कारण निस्तरलं काहीच नाही, पोर्च तेवढा गेला. बायको म्हणाली, "अहो, कपडे वाळत घालायला जागा ठेवा की. का आता तिच्यावरच टाकू?" बारामतीतला प्रत्येक मेकॅनिक आधी हसायचा. एकजण म्हणाला, "काका, रंग द्या आन् हॉलमधी ठेवा. चालवायचं खूळ कशापायी?" पिस्टनच्या रिंगा मागवल्या, त्या आल्या भलत्याच मापाच्या. परत पाठवल्या, तर परत त्याच आल्या. कार्बोरेटरचा एक स्क्रू गंजून असा बसला होता, की डिझेलमध्ये आठवडाभर भिजवूनही हलला नाही आणि शेवटी डोकं मोडून आतच राहिला.

या सगळ्याच्या वर दादा. मी गाडी करतोय म्हटल्यावर तो दर रविवारी एसटीनं यायला लागला. मी नट आवळला की तो विचारायचा, "आवळला का?"

"आवळलाय."

"बगू." आणि तो नट सैल करून परत आवळायचा. एकदा नाही, जेवायच्या आधी एकदा आणि जेवण झाल्यावर एकदा. शेवटी इंजिनाच्या हेडच्या एका बोल्टाचे आटेच गेले. मी इंजिनाचा तो भाग पिशवीत घालून लेथवाल्याकडं गेलो. त्यानं आत बोट घालून विचारलं, "कोण पैलवान आवळत व्हता?" भोकात धातूचं बुश बसवून नवीन आटे पाडायला त्यानं दोन आठवडे घेतले. त्या दोन आठवड्यांत मी दादाच्या नावानं घरात काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. बायको ऐकून घ्यायची. दादाला हा सोस लागला कशानं, हे घरात मला एकट्यालाच माहीत होतं, आणि तक्रारही मीच करत होतो.

अगदी सुरुवातीला इंजिन खोललं तेव्हा सिलिंडरच्या आत उभे ओरखडे होते. दादानं त्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "माझी चूक बग, अजून दिसती."

तेव्हा बोलायला हवं होतं. दोघंच होतो. मी म्हणालो, "ते फडकं दे इकडं."

गाडी चालू करायचा दिवस शेवटी आला. मी मापानं ऑइल घेतलं, त्याच्या डोळ्यांदेखत पेट्रोलात ढवळलं आणि टाकीत ओतलं.

"ऑइल घातलं का?" दादानं विचारलं.

"घातलं."

मी पाइप जोडायला वाकलो, तोवर त्यानं परत विचारलं, "घातलं न्हवं?"

"दादा, तुझ्यापुढंच घातलं ना!"

तो "व्हय, व्हय" म्हणाला. मग टाकीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं आणि वास घेतला. "वास तर येतोय. पर माप बराबर घातलंस का?"

मी हातातला पाना फरशीवर आदळला. "बास कर की आता! तू तवाबी इसरला न्हवतास! गाडी मी पळवली होती, नुसतं पेट्रोल मी ओतलं होतं. तू ऑइल घातलं होतंस. आता तरी माझं डोकं खाऊ नको!"

बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

दादाच्या हातात टाकीचं झाकण तसंच होतं. तो म्हणाला, "मला डबा वाकडा केल्याचं आठवायचं. थेंब पायावर सांडला व्हता, त्येबी आठवायचं. मला वाटायचं, ते आदल्या रविवारचं आसंल."

मी फरशीवरचा पाना उचलला.

"तात्यांना म्हाईत व्हतं?"

"नाही."

"आन् आईला?"

"नाही."

त्यानं झाकण लावलं. बायको म्हणाली, "भाऊजी, चहा." तो पायरीवर बसून चहा प्यायला, चांगला झालाय म्हणाला. मग हात धुतले, पिशवी घेतली. "निघतो. इंदापूरची यष्टी गावंल." मी स्टँडवर सोडतो म्हणालो, तर नको म्हणाला.

तो गेल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "सांगायचंच होतं, तर असं सांगायचं?"

गाडी त्या दिवशी चालू झाली नाही. पन्नास किका मारल्या असतील. तीन दिवसांनी प्लग बदलल्यावर झाली. इतका धूर केला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आलो. वाटेत एकदा बंद पडली, तर ढकलत आणली. पोर्चमध्ये उभी केली आणि पुसतही बसलो नाही.

त्यानंतर तीन रविवार दादा आलेला नाही. फोन केला की उचलतो, पाण्याची पाळी कधी आहे ते सांगतो, उसाला खत टाकलं म्हणतो. त्या गोष्टीचं तो काढत नाही आणि मीही काढत नाही. परवा आईनं फोन घेतला. पेन्शनचा कुठलासा कागद बँकेत द्यायचा होता. म्हणाली, "तूच ये बाबा रविवारी. थोरल्याकडं देऊ नगं, त्यो इसरंल." मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्याही वेळी बोललो नाही.

दादाला मी खरं सांगितलं ते त्याच्यावर ओरडताना. माफी मागितलेली नाही. आईला अजून काहीच माहीत नाही. या रविवारी बावड्याला जायचं, दादासमोर आईला सगळं सांगायचं आणि आईसमोर त्याची माफी मागायची, एवढं मी देणं लागतो.