अस्वल आणि मागचा हौद

कुणी गांडूळ पाहून नाक मुरडलं की मामा आधी स्वतःचा तळहात पुढं करत. त्यावर ते ओलं गांडूळ ठेवून म्हणत, "घ्या. चावत न्हाई. त्याला दातच न्हाईत."

लातूरच्या आमच्या महाविद्यालयात मामा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. दारात पेंढा भरलेलं अस्वल उभं असे. एक डोळा काचेचा, दुसरा शर्टाच्या बटणाचा. नव्या तुकडीतल्या प्रत्येकाला मामा एक हात अस्वलावर ठेवायला लावत, दुसऱ्यात गांडूळ देत. "सांगा, ह्यातलं मोठं कोण?"

"अस्वल!"

"त्यानं उभ्या जन्मात मूठभर माती तरी केली का?"

गांडुळं त्यांनी इमारतीमागच्या हौदात पाळली होती. शहर टँकरची वाट बघायचं, तेव्हाही मामा आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी हौदावरच्या बारदानावर शिंपडत.

मग मूल्यांकन समिती यायची ठरली. प्राचार्यांनी अस्वलाला नवा डोळा बसवला आणि हौद बुजवून समितीच्या गाड्यांसाठी फरशी करायला सांगितली. अस्वलाच्या गौरवाचा परिच्छेद मी लिहिला. मराठीच्या प्राध्यापकाकडं असलीच कामं येतात.

"साहेब, एप्रिल हाय," मामा प्राचार्यांना म्हणाले. "पाऊस पडूस्तर थांबा. आत्ता हलवली तर मरतेत."

"मामा, किड्यांसाठी समिती थांबत नसते."

दोन बादल्या भरून आम्ही माझ्या स्कूटरवर चाकूरजवळच्या त्यांच्या शेताकडं निघालो. वाटेत दोनदा मला थांबवून मामांनी बादल्यांवरचं बारदान भिजवलं. तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी म्हणालो, "आलंच की आता," आणि थांबलो नाही.

शेतात बारदान उचललं तेव्हा वास आला. तळाशी जी थोडी हलत होती, ती मामांनी बांधाच्या सावलीत सोडली.

समितीनं अस्वलासोबत फोटो काढला. अहवालात त्याची स्तुती आहे.

मामा त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले; त्यांची जागा भरलीच नाही. पाऊस झाल्यावर मी चाकूरला गेलो. मामा बांधाशी उकिडवे बसून ओलं ढेकूळ उचलत, फोडत, बघत, बाजूला ठेवत होते. फोडलेल्या ढेकळांची रांग बरीच लांब गेली होती.

"सापडलं का एखादं?"

"सर, ऊन हाय. तुम्ही सावलीत बसा."

मी बसलो. त्यांनी पुढचं ढेकूळ उचललं.