तोंड फिरवणारा रोबो

आमच्या आक्काचे यजमान, म्हणजे दाजी, यांच्याइतकी रोबोच्या पाठदुखीची काळजी करणारा माणूस अख्ख्या बेळगावात दुसरा सापडायचा नाही. त्यांची उभी हयात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, लोखंडाचा रस साच्यात ओतण्यात गेली. निवृत्त झाले आणि खासबागेतल्या घरी आक्कालाच ओतणं शिकवू लागले. आमटी वाढताना पळी कुठं वळवायची, यावर रोजचा वर्ग! पुढं दाजींचे हात कापू लागले. चहा बशीत कमी आणि लुंगीवर जास्त पडायचा. नेमकं तेव्हाच फौंड्रीत ओतायला रोबोचा हात यायचा ठरला आणि मालकांनी त्याला शिकवायला दाजींना बोलावलं. "हात पुरता जायच्या आत त्या रोबोत उतरवून घ्या, पावनं," असं ते मला म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मी कॉम्प्युटरवाला. ब्राउझरमध्ये रोबो हलता दाखवणारी एक फुकटची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मी वापरायचो. काही बसवायला नको; पान उघडलं की हात समोर उभा. बोटानं फिरवून चारी अंगांनी बघायचा, पडद्यावरच्या पट्ट्या सरकवून एकेक सांधा वाकवायचा. दर रविवारी मी पट्टी सरकवायची आणि दाजींनी "अजून... वाईच... बास!" म्हणायचं. काय ते रविवार होते हो! आता मी पुण्यात असतो, सुट्टीच्या सकाळी घर नुसतं गप्प असतं. "कोपर बघा ह्येचं, पाठ जाईल की गड्याची!" असं दाजी कळवळून म्हणायचे. आम्ही चहाला उठलो की सिम्युलेशन थांबवायला लावायचे, "त्यानं बी दम खाऊ दे." निपाणीच्या एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत फोनवर ते पान उघडलं आणि रस्सा वाढणाऱ्यालाच धडा द्यायला घेतला.

ओतून झालं की रोबोनं भट्टीकडून तोंड फिरवायचं, हा त्यांचा हट्ट. "दाजी, त्याला तोंड न्हाय, आच बी लागत न्हाय," मी म्हणालो. "आच सगळ्यास्नी लागतीया!" म्हणत ते फुगून बसले. मी गुपचूप ते वळण काढून टाकलं. रसाच्या जागी पानावर लाल गोट्या ठेवल्या होत्या. शेवटच्या चार गोट्या साच्याबाहेर पडल्या. पुन्हा केलं, पुन्हा बाहेर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आच चुकवायला तोंड फिरवताना दाजींचं मनगट आपोआप वर उचललं जायचं, आणि तिथंच धार तुटायची; वळणाबरोबर मी ती उचलही काढून टाकली होती. इतकी वर्षं त्यांनाही याचा पत्ता नव्हता. मी निमूटपणे वळण परत घातलं आणि दाजींची माफी मागितली.

पानावर बसवलेल्या हालचाली फौंड्रीतल्या रोबोत उतरवल्या आणि त्याच्या खऱ्या हातानं पहिल्यांदा रस ओतला. एक थेंब सांडला नाही, आणि शेवटी त्यानं नसलेलं तोंड फिरवलं. "आयला, ह्यो तर आमचा आप्पाच की रं!" दाजींच्या बरोबरीचे कामगार ओरडले; फौंड्रीत दाजींना सगळे आप्पाच म्हणायचे. सगळे पोट धरून हसले, त्यातला एक डोळेही पुसत होता. चारचौघांत हात खिशात लपवणाऱ्या दाजींनी ते दोन्ही बाहेर काढले आणि सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर ठेवले.

"आता किती बी कापूंदेत," ते म्हणाले.