चार नंबरचा नेचा

अमरावतीहून सकाळची एसटी धरली तेव्हा मी प्रात्यक्षिक परीक्षेचा बाहेरचा परीक्षक होतो. यवतमाळ सोडून कळंब गाठेपर्यंत नुसता धुळीचा पुतळा झालो होतो. नोकरीने मला कोल्हापुरातून इकडे आणून टाकलं आहे, पण असा कापूस मी अजून पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोंडं फुटलेली, मध्येमध्ये पिवळ्या फुलांवर आलेली तूर. खिडकीची काच बंद होत नव्हती आणि कंडक्टरच्या मते ती बंद व्हायचं काही कारणही नव्हतं.

राळेगावच्या अलीकडे कॉलेज. तिन्ही बाजूंना कापसाची शेतं. वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख राऊत सर फाटकातच शाल-नारळ घेऊन उभे होते.

"सर, पहिले जेवून घ्या. पोरं कुठी पळून राह्यली?"

परीक्षकाचं पोट भरलं की विद्यार्थ्यांचं डोकं भरलं, असा आमच्या शिक्षणक्षेत्राचा जुना समज आहे. पाटवडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) मात्र अप्रतिम होता. एवढं मन लावून तिथे दुसरं काही शिजत असेल असं वाटलं नाही.

जेवून प्रयोगशाळेत गेलो. टेबलावर नंबर लावलेल्या बरण्या मांडल्या होत्या. वनस्पती बघून ओळखायची आणि पेपरात लिहायची, मग तोंडी परीक्षा. चार नंबरच्या बरणीतल्या नेच्याचा, म्हणजे फर्नचा, काढा झाला होता. मी ती उचलून बाजूला ठेवली, कुंपणापलीकडून कापसाची फांदी बोंडासकट मागून आणली आणि तिथे ठेवली. कापसाच्या मुलखातल्या पोरांना फुकटचे मार्क द्यायला मला संकोचच वाटला.

पेपर हातात आले. सगळ्या वर्गाने चार नंबरला लिहिलं होतं, नेचा! खाली मुद्देसूद वर्णनही होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकण बघायलाही गाईड लागत होतं. मला हसू आलं, मग संताप आला.

राऊत सर कानाशी आले. "सर, बाकीच्यायचं सोडा. हे प्रणाली पाहा. आमच्या इथून एम.एस्सी.ले जाणारी पहिली पोरगी ठरते. यात मार्क गेले तं पहिला वर्ग हुकते, मंग अमरावतीची सीट गेली."

तोंडी परीक्षा बाकी होती. प्रणाली समोर येऊन बसली. मी फांदी पुढे केली.

"हे काय आहे?"

"कापूस आहे, सर."

"मग नेचा का लिहिलंस?"

"चार नंबरले नेचाच राह्यते, सर. पाठ करून घेतलं होतं."

"आणि डोळ्यांना काय दिसत होतं?"

"कापूसच दिसत होता. पण पेपरात दिसलं ते नाही लिहीत न आम्ही, सर. सांगितलं ते लिहितो."

कोल्हापूरकरांनी हसू नये. आपल्याकडेही हेच चालतं, फक्त बरण्या चकचकीत असतात.

"बरं, पेपर राहू दे. आता दिसेल ते सांग."

मागून राऊत सरांची कुजबुज सुरू झाली. बोंड, सरकी, कूळ, सगळं एका दमात. प्रणाली मान खाली घालून ऐकत होती. एकदम वळली.

"सर, थांबा न जरा. मले पाहू द्या."

राऊत सर एक पाऊल मागे सरले. तिने बोंड उजेडात धरून फिरवलं. एक फाक उमललीच नव्हती. तिने ती नखाने उकलली, आतली गुलाबी अळी मला दाखवली आणि ती कुठून शिरली असेल ते बारीक छिद्र शोधत बसली. सापडेपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची तोंडी परीक्षा मी पैकीच्या पैकी मार्कांनी संपवली. तिचा पहिला वर्ग वाचला. पेपरातला नेचा मात्र कुणालाच फळला नाही.

संध्याकाळी राऊत सर थांब्यावर पोचवायला आले. एसटी हलली तसे खिडकीशी चालत म्हणाले, "बरं झालं, सर, तुम्ही आले! आता वर्गात सांगून आलो. यापुढे चार नंबरले कापूस. पाठ करा म्हटलं!"

अमरावती येईपर्यंत शाल मांडीवर घेऊन मी बसून होतो. पुढच्या वर्षी कुणी परीक्षक तिथे आंबा ठेवेल, आणि सगळा वर्ग कापूस लिहील. त्या वर्गात प्रणाली नसेल, एवढाच आनंद घेऊन मी घरी आलो.