उम्म हनादीचे दात

उम्म हनादीचे दात मी कधी पाहिले नव्हते. आमच्या झिफ्ता गावात दातांचा दवाखाना माझा, ती कितीतरी वर्षांपूर्वी माझ्याकडे कामाला आली तेव्हा माझी मुलगी शाळेतही जात नव्हती, रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर चहाचा पेला आणून ठेवते, आणि मी आपली समजत होते की बाई लाजाळू आहे. हसली की डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर. बोलायची तेही ओठ जेमतेम उघडून. नवरा म्हणायचा, "तुझी उम्म हनादी फार जुन्या वळणाची." मीही मान डोलवायचे. आता आठवलं की माझे कान गरम होतात.

तिचं नाव इन्शिराह, पण थोरल्या मुलीवरून सगळे तिला उम्म हनादी, म्हणजे हनादीची आई, असंच म्हणतात. नंबर लावायचे, हत्यारं धुवायची, फरशी पुसायची, ही तिची कामं. पण दवाखान्याला तिची खरी गरज होती ती पोरांसाठी. एखादं पोर जिना चढतानाच गळा काढायचं. ही त्याच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसायची. हात लावायची नाही, गोड बोलायची नाही.

"मी डॉक्टर नाही रे, मी चहा करणारी," ती सांगायची. "आत एक डॉक्टरबाई आहेत. त्यांचे दात मोजायचेत, माझी नजर पोचत नाही. तू मोजतोस?"

मग हातात छोटा आरसा देऊन त्याला माझ्यासमोर उभं करायची. मी मुकाट्यानं आ वासायचे. अर्ध्या झिफ्त्यातल्या पोरांनी माझे दात मोजलेत. "हिच्या दाढेत कांदा अडकलाय," असंही एकानं सगळ्यांदेखत जाहीर केलंय. मोजून झालं की पोर आपणहून स्वतःचं तोंड उघडायचं. हे सगळं माझ्याच तोंडावर का चालतं, तिच्या का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

दात काढला तर ती तो कापसात गुंडाळून पोराच्या मुठीत द्यायची. उद्या सकाळी गच्चीवर जा, सूर्याकडे फेक, हा म्हशीचा दात घे आणि मला नवरीचा दे असं सांग त्याला. पोर रडता रडता खुशीत घरी जायचं.

आमच्याकडच्या आयांना एक खोड आहे. पोर जेवलं नाही, झोपलं नाही, की लगेच, "थांब, नेतेच तुला डॉक्टरकडे, सुई टोचायला सांगते!" आणि वर याच बाया मला विचारणार, डॉक्टरबाई, आमचं लेकरू इतकं का हो घाबरतं? मी चिडते. उम्म हनादी माझ्यापेक्षा जास्त चिडायची. बाकावर बसल्या बसल्या एखादी सुईचं नाव काढून धाक घालू लागली, की ही तिच्यापुढे उभी.

"उठा बाई. खाली जाऊन उसाचा रस पिऊन या. पोर इथं राहील, तुम्ही नको."

खाली रसाचं दुकान आहे, त्याचा धंदा तिनं चांगलाच वाढवला. कापडवाल्याची बायको उम्म अबानूब, जिभेनं तिखट बाई, तिला तर हिनं दोनदा खाली पाठवलं होतं. उम्म अबानूब ते विसरली नव्हती.

एका गुरुवारी बाक भरलेले असताना हनादी आपल्या मुलीला घेऊन आली. रीताज सहा वर्षांची. गाल टम्म सुजलेला, एक डोळा बारीक झालेला, अंगात ताप. मी दारातूनच पाहिलं आणि समजले, दुधाच्या दाढेत पू झालाय, ती आजच्या आज निघायला हवी. सूज आणखी वर चढली असती तर पोरीला तांता शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं असतं.

पण रीताजनं माझ्या खोलीच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि अशी किंकाळी फोडली की रसवाला वर बघायला आला.

उम्म हनादी नेहमीसारखी खाली बसली. "रीताज, माझ्या जिवा, डॉक्टरबाईंचे दात मोजायचेत—"

"खोटारडी!" पोर ओरडली. "तूच म्हणालीस ना, ही न झोपणाऱ्या मुलींची जीभ पकडीनं ओढते! आणि डब्यात ठेवते! तूच म्हणालीस! रोज म्हणतेस!"

बाकांवरच्या सगळ्या माना उम्म हनादीकडे वळल्या. हनादीच्या तोंडून कसंबसं निघालं, "आई, तू? आणि मला वाटायचं ही टीव्हीवर काहीतरी बघून घाबरते."

उम्म हनादीनं रुमालाचं टोक तोंडावर ओढलं. बोलली ती उम्म अबानूब, आणि चांगल्या खणखणीत आवाजात.

"उठा, उम्म हनादी! खाली जाऊन रस पिऊन या. पोर इथं राहील, तुम्ही नको!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. रसवालाही हसला. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही ओठांवर हसू आलं होतं. मग मी तिचा चेहरा पाहिला. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. फरशीवर बसलेली, हातात आरसा, तोंडावर रुमालाचं टोक, आणि मान इतकी खाली की फक्त मानेमागची शीर दिसत होती.

"मी खोटं बोलले, पोरी," ती म्हणाली. "तू झोपत नव्हतीस, मी दमलेली असायचे. डॉक्टरबाई जीभ ओढत नाहीत. त्या डब्यात कापूस आहे. चूक माझी."

"मग तू का नाही बसत खुर्चीत?" रीताजनं विचारलं. "तुझी दाढ रोज दुखते. तू लवंग धरतेस आणि भिंतीकडे तोंड करून रडतेस. मला माहितीये. तू आधी बस. मग मी."

उम्म हनादीनं माझ्याकडे पाहिलं. कुणाकडे काही मागणारी बाई नाही ती, पण त्या दिवशी काकुळतीला आली. हळूच म्हणाली, "डॉक्टरबाई, दार तेवढं लावा."

दार लावणार कसं? पोर चौकट सोडेना. तिची बोटं पांढरी पडली होती.

मग ती उठली आणि खुर्चीत बसली. कितीतरी वर्षं ती खुर्ची पुसणारी बाई, तिला पाय कुठं ठेवायचे ते सुचेना. तिनं रुमाल बाजूला केला, डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं. मी दिवा खाली ओढला. पुढचे दोन दात अर्धे झिजून काळे पडलेले, मागे नुसती खुंटं, हिरडी सुजून लाल. याहून वाईट तोंडं मी पाहिलीत. पण ती माणसं मला रोज चहा आणून देत नव्हती.

रीताज चौकट सोडून जवळ आली. तिनं आजीच्या हातातला आरसा घेतला आणि मोठ्यानं मोजायला लागली.

"एक. दोन. हा मोडलाय. हा काळा. इथं नाहीच. इथं पण नाही."

बाकांवरून सगळं ऐकू जात होतं, दिसतही होतं. मिटल्या पापण्यांखालून उम्म हनादीच्या डोळ्यांचं पाणी रुमालात उतरत होतं, पण तिनं तोंड मिटलं नाही. उम्म अबानूबचं हसू कधीच थांबलं होतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मोजून संपल्यावर रीताज म्हणाली, "आता मी."

मी तिला सांगितलं, सुई आहे, टोचेल, मग गाल बधिर होईल. ती रडली. आजीचा हात तिनं सोडला नाही, तोंडही मिटलं नाही. दाढ निघाली, मी ती कापसात गुंडाळून तिच्या मुठीत दिली. तिनं मूठ आवळली आणि बधिर ओठांनी विचारलं,

"आजी, तू तर इथंच असतेस. मग दाखवलं का नाहीस?"

"भीती वाटायची," उम्म हनादी म्हणाली. "लहानपणी रव्याचा गोड बसबूसा खायला नेतो म्हणून बाबांनी दात काढायला न्हाव्याकडे नेलं. चौघांनी धरून ठेवलं होतं."

"पण इथं न्हावी नाहीये. कुणाची भीती वाटायची?"

तिनं रुमालाचं टोक पुन्हा तोंडावर ओढलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "या डॉक्टरबाईंची."

मी हात धुवायला गेले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धूत राहिले. शरम तिला वाटत होती, पण वाटायला हवी होती मला.

शनिवारी ती वेळेवर कामाला आली. रुमालाचं टोक होतं तिथंच होतं. कुणाच्या नजरेला नजर दिली नाही, कुणाला रस प्यायला पाठवलं नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर फरशी पुसून दारात उभी राहिली.

"आता माझा नंबर घ्याल?" तिनं विचारलं. "आज दार लावता येईल."

मी दार लावलं. ती खुर्चीत बसली, दोन्ही मुठी आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. मी हातमोजे घातले नाहीत. ती पोरांसमोर बसायची तशी तिच्यासमोर फरशीवर फतकल मारून बसले आणि आरसा तिच्या हातात दिला.

"आधी माझे मोजा," मी म्हणाले आणि आ वासला.