सागवानी कोच

चहा संपेपर्यंत माझा शहाणपणा ऐकून घ्या. दुसऱ्याकडून ऐकलात तर तिखटमीठ जास्त असेल.

उचगावजवळ आमच्या भागात एक कॉलेज आहे. प्राचार्य दहा वर्षं ग्रंथालयासाठी देणगी मागत फिरले. लोकांनी त्यांना चहा दिला. मग पोरांनी कबड्डीचा कप आणला आणि दाते रांगेत उभे राहिले. पुस्तक वाचणाऱ्याला खांद्यावर घेऊन कोण नाचतंय?

माझ्या व्याह्यानं खेळाडूंना बूट दिले. त्याचं नाव फलकावर लागलं. आता माझं त्याच्या खाली लागून चालेल? मी प्राचार्यांना फोन केला.

"काय कमी हाय, सांगा."

"अण्णा, एक चांगला कोच मिळाला तर लई उपकार होतील. बाकीचे दाते पण तेच म्हणत्यात."

कोच म्हणजे पाहुण्यांना बसायचा. खेळ शिकवतो तो वस्ताद. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं कळतं.

"दिला. शहापुरात तयार झालाय."

"दणकट हाय न्हवं?"

"चौघं अंगावर बसू देत, हलायचा न्हाय."

"असाच पायजे. पगाराचं काय?"

"मी देतोय म्हटलं न्हवं? एक रुपाया लागणार न्हाय."

रविवारी कोच टेम्पोत चढवला. पुढं जागा नव्हती, म्हणून मी त्याच्यावरच बसलो. कॉलेजच्या दारात हलगी, हार, सगळे दाते हजर. पोरांनी हार सरळ माझ्याच गळ्यात घातला.

प्राचार्य कानाशी आले. "अण्णा, कोच कुठाय?"

"ह्यो काय, बुडाखाली."

त्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, खेळ शिकवणारा माणूस पायजे हुता. आला न्हाय म्हटलं तर ही मंडळी चेक खिशात घालून परत जातील."

समोर व्याही मिशीत हसायच्या बेतात. चूक कबूल करायची, ती पण त्याच्या पुढ्यात?

"माझं नाव सांगा," मी म्हणालो. "मी शिकवतो."

फलकावर नाव लागलं. व्याह्याच्या वर. कोच म्हणून.

मला येत होती कुस्ती. वर्षभर तीच शिकवली. पहिल्याच सामन्यात आमची पाच पोरं चढाईवाल्याची पाठ टेकवण्यात गुंतली. त्यानं पडल्या पडल्या हात लांब करून रेषा गाठली. पाचही बाद. कप गेला, त्याच्या मागोमाग दाते गेले.

परवा प्राचार्य घरी आले. "अण्णा, दाते म्हणत्यात कोच बदला, मग देणगी देतो."

"त्यात काय, नवं कापड मारून देतो."

"कापड न्हाय, अण्णा. तुम्ही."