घरात कोण थांबलंय?

अण्णा वकील गेले, असं मुरबाडहून फोनवर कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? ‘कसे गेले’ नाही, ‘कधी’ नाही... “घरात कोण थांबलंय?” पलीकडे त्यांची धसईची बहीण, अक्का. “काय म्हणालात, मास्तर?” तिने रडता रडता विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण ही खोड अण्णांनीच लावली, त्याला मी काय करू?

नव्वदच्या दशकात शहापूरच्या बाजारामागे आम्ही भाड्याने राहायचो. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागे संसार. मालकाला जागा खाली हवी झाली. आधी त्याने नळ तोडला, मग पावसाच्या तोंडावर दुरुस्तीच्या नावाखाली कौलं उतरवली. मी मुळातच भित्रा, भाडेपावत्या घेऊन धावत अण्णांकडे गेलो. अण्णा कागद बघून म्हणाले, “मास्तर, मनाई हुकूम आणू. पण तवर घर रिकामं ठेवायचं नाय. बाहेरून त्याचं कुलूप पडलं की आत शिरायला वर्षं जातील. कोण दारात आला तर मोठ्यानं खोकायचं.” तेव्हापासून आम्ही नवरा-बायको एकत्र कुठे गेलोच नाही. लग्नालासुद्धा एकाने जेवून यायचं, मग दुसऱ्याने जायचं... आणि नेमके तेव्हाच डोळखांबला माझे वडील वारले. जाणं दोघांनाही भाग. मालक समोरच्या ओट्यावर पान चघळत बघतोय. निरोप मिळताच अण्णा कोर्टातून तडक आले. “जा रे तुमी. मी हाय इथं.” तीन दिवसांनी परतलो, तर आमच्या दोरीवर त्यांचा काळा कोट टांगलेला आणि आतून खोकल्याचा आवाज! पुढे हुकूमही मिळाला, घर आमच्याकडेच राहिलं.

अण्णा स्वतः मुरबाडला भाड्याच्याच घरात राहायचे, एकटे. मी पोचलो तेव्हा त्यांना धसईला न्यायला टेम्पो उभा होता. आणि अंगणात घरमालकाचा माणूस, हातात नवंकोरं कुलूप. आत कपाटभर फायली, सगळ्या आमच्यासारख्या भाडेकरूंच्या चालू केसेस. अक्का म्हणाली, “मास्तर, बसा ना गाडीत.” खांदा द्यायचा होता हो मला! पण कपाटाकडे बघून पाय निघेना. म्हटलं, “जा तुमी, अक्का. मी हाय इथं.”

महिना होत आला. बायको शहापूरचं घर धरून आहे, मी इथे. माणसं येतात, आपापली फाईल घेऊन जातात. अजून निम्मं कपाट भरलेलं आहे. अंगणात चप्पल वाजली की दोरीवरच्या काळ्या कोटाकडे बघतो, आणि मोठ्यानं खोकतो.